अंतऱ्यातलं नाव

मी बाजाची पेटी बोलतेय. मिरजेत घडले, पण संसार केला कराडच्या नाथाजीबरोबर. आणि खरं सांगते, त्या माणसाने मला वैताग आणलाय.

उसाची शेती भावांवर सोडून हा सांगलीला अर्जुनबुवांकडे गाणं शिकला. गळा बेताचा, पण बोटं अशी की माझ्या पट्ट्या त्याची वाट बघायच्या. मग तो साथीला बसू लागला. कीर्तनं, नाटकं, पाचगणीच्या शाळेतल्या प्रार्थना, काही सोडलं नाही. रेडिओवर तर तेव्हा पेटीला बंदीच! साथीदाराने मागे राहायचं आणि वाहवा गवयाने घ्यायची. हे सगळं मी सोसलं, कारण आमचं खरं काम घरी चालायचं. सहा वर्षांत त्याने अकरा चिजा, म्हणजे बंदिशी, रचल्या. सगळ्या माझ्यावर.

चीज रचणाऱ्याने अंतऱ्यात, म्हणजे शेवटच्या ओळींत, स्वतःचं नाव गुंफायचं अशी रीत आहे. त्यावरूनच चीज कुणाची ते जगाला कळतं. या शहाण्याने अकराही चिजांत घातलं 'अर्जुनपिया'. गुरूचं नाव!

बायको बनुबाई म्हणाली, "आवं, जीव तुमी आटवायचा आन् नाव त्येंचं?"

"त्येंनीच शिकवलं न्हवं? त्येंच्या पायाशी ठिवलं म्हंजे झालं."

बुवा सत्तेचाळीसात वारले. पुढच्या वर्षी सांगलीत त्यांच्या पुण्यतिथीला त्यांचा मुलगा लालासाहेब गायला. आमची भीमपलास रागातली चीज त्याने आमच्या घरी येणाऱ्या बुवांच्या कुणा शिष्याकडून उचलली होती. "वडिलांची ठेवणीतली चीज," असं त्याने सांगितलं. भर दुपारी लोक डोलू लागले. साथीला आम्हीच! नाथाजीचा एक सूर चुकला आणि चार डोकी आमच्याकडे वळून हसली. एवढीच आमची दखल.

बैठक संपल्यावर नाथाजी हळूच म्हणाला, "लालासाहेब, ही चीज माजी हाय."

लालासाहेबाला राग आला नाही, नवल वाटलं. "मग आबांचं नाव कसं हाय हिच्यात?"

नाथाजीने मला बंद केलं. आणि मी झाकणाखाली जळफळत.

घरी आल्यावर त्याने बारावी चीज रचायला घेतली. बनुबाई समोरच बसली. "आता तरी सोताचं नाव घाला."

"व्हय," तो म्हणाला.

अंतरा आला. नावाच्या जागेशी तो थांबला. मी सूर धरून ठेवला. म्हण की रे बाबा, एकदा तरी म्हण! त्याने डोळे मिटले आणि गायला, "अर्जुनपिया."

बनुबाई उठून चुलीकडे गेली.

आता माझे दोन सूर बसलेत, भाताही फुसफुसतो. त्या बैठकीत मला शब्द फुटले असते तर ओरडून सांगितलं असतं. ते जमलं नाही, म्हणून तुम्हाला विनवते. यातली एखादी चीज कधी कानावर आली, तर त्या नावाच्या जागी मनातल्या मनात 'नाथाजी' म्हणा. एक मात्रा कमी पडते, ठाऊक आहे मला. ती मी भरून काढीन.