रव्यामागचा डबा

सासूबाई आंघोळीला गेल्यावरच मी ते पाकीट पिशवीतून बाहेर काढलं. आतले ओट्स एका जुन्या स्टीलच्या डब्यात ओतले, पाकिटाची बारीक घडी करून मानसीच्या डायपरच्या पिशवीत तळाशी दडपली आणि डबा फडताळात रव्याच्या मागे सरकवला. मग ओटा पुसला. ओट्यावर काही सांडलेलं नव्हतं तरी पुसला.

बाळंतपणानंतरच्या तपासणीत माझी साखर काठावर निघाली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सकाळी पेज नको, ओट्स खा. ते चपटे, पटकन शिजणारे नाहीत. दाण्याचे नुसते तुकडे केलेले असतात ना, स्टील कट, ते. नाहूरमध्ये आमच्या स्टेशनजवळच्या दोन दुकानांत विचारलं तर माहीत नव्हते. शेवटी मुलुंडला एका मोठ्या दुकानात, परदेशी बिस्किटांच्या शेजारी मिळाले.

घरात हे सांगायचं कसं? सासूबाई, शेवंती त्यांचं नाव, मूळच्या मालवणकडच्या. माझं बाळंतपण त्यांनी एकटीने काढलं. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, रोज सकाळी तूप घातलेली उकड्या तांदळाची पेज. समोर बसून, "घे गो अजून, पाजती बाई तू," म्हणत वाढायच्या. त्यांच्या हातच्या खाण्यानेच माझी साखर वाढली असं त्यांच्या मनात आलं तर? फक्त नवऱ्याला, सर्वेशला सांगितलं होतं. तो म्हणाला, तुझं तू बघ, मला मध्ये घेऊ नको.

तर रात्री वाटीभर ओट्स पाण्यात भिजत घालायचे आणि पहाटे, सगळे झोपलेले असताना, मंद आचेवर शिजवायचे. उभं राहून ढवळावं लागतं, नाहीतर दुधासारखे उतू जातात आणि शेगडीवर चिकट साय धरते. शिजल्यावर दाणा फुलतो पण विरघळत नाही, दाताखाली येत राहतो. वरून थोडं दूध, बदामाचे काप. नंतर पेज समोर आली की नावापुरते दोन घास घ्यायचे. आधी मला ते बेचव लागले. मग हळूहळू त्या चावण्याचीच गोडी लागली. हातात गरम वाटी, खिडकीतून येणारा गार वारा, आणि अजून घे म्हणायला कोणी नाही. मी त्या वाटीची वाट बघत झोपायला लागले.

एका पहाटे मागे वळले तर सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या. माझ्याकडे नाही, वाटीकडे बघत होत्या.

"काही नाही आई, असंच. उरलेलं खातेय," मी म्हणाले आणि वाटी अंगाआड केली.

त्या पाणी पिऊन परत गेल्या. दुपारी रव्याच्या डब्याची जागा बदललेली दिसली. म्हणजे मागचा डबा उघडून पाहिला होता.

त्यानंतर घरातली हवाच बदलली. सासूबाईंनी चहात दूध घालणं बंद केलं. विचारलं तर पित्त झालंय म्हणाल्या. माझ्यापुढे मात्र दुधाचा ग्लास काठोकाठ भरून ठेवायला लागल्या, न बोलता, ठक्कन. मासेवाली बेल वाजवून गेली तर दारातूनच तिला नको सांगितलं. मासळीशिवाय घास न उतरणारी बाई. सर्वेशचं ऑफिस नव्या इमारतीत जाणार होतं म्हणून तो घरूनच काम करत होता. त्याच्या खोलीच्या दाराशी त्या उगाच घुटमळायच्या. मी हे सगळं टिपत होते. नजर बारीक आहे माझी, आणि तिचा मला थोडा अभिमानही होता. मी ठरवून टाकलं की हा राग आहे. माझ्या मम्मीला फोनवर सांगितलं, त्या माझ्या वाटीवर नजर ठेवून असतात गं, दुधाचा ग्लाससुद्धा टोमणा मारल्यासारखा ठेवतात.

रविवारी मानसीचं उष्टावण होतं. त्यासाठी दोन्हीकडच्या माणसांचा व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप केला होता. बोरिवलीची माझी नणंद शुभा मुलाच्या परीक्षेमुळे येणार नव्हती, तिला फोटो तरी दिसावेत म्हणून. मानखुर्दहून मम्मी आणि माझा भाऊ सिद्धेश आले. मामाने चांदीच्या चमच्याने खीर भरवली. मानसीने ती आधी बाहेर ढकलली, मग विचार करून परत चाटली. सगळे हसले. सासूबाईही हसल्या, खूप दिवसांनी.

पानं वाढायच्या आधी त्या आत गेल्या आणि तो डबा घेऊन बाहेर आल्या. मम्मीसमोर खाली बसल्या. घरात त्या मालवणी बोलतात. मम्मीशी मात्र जपून, शहरातलं बोलतात.

"विहीणबाई, एक सांगायचं होतं. मनात ठेवून माझ्या घशाखाली घास उतरणार नाही." त्यांनी झाकण काढलं. "सर्वेशचं काम गेलंय. मुलं मला सांगत नाहीत, पण मला दिसतं. तुमची लेक पाजती बाई. ती पहाटे उठून चोरून कण्या खाते, आम्हाला तांदूळ पुरावा म्हणून. माझ्या घरात हे व्हायला नको होतं. बोलायचं तर मला बोला, तिला नको."

मम्मीचा हात साडीच्या निरीवर थांबला. सर्वेश म्हणाला, आई काय बोलतेस, काम कुठे गेलंय? पण त्यांना ते ऐकूच गेलं नसावं. त्या मम्मीकडेच बघत होत्या.

दोन वाक्यं बोलायची होती मला. आई, त्या कण्या नाहीत. आई, मी तुमच्यापासून लपवलं. पण ती बोलले असते तर मम्मीसमोर त्या अडाणी ठरल्या असत्या, आणि मी काय ठरले असते ते वेगळंच. मी मानसीची बोटं पुसत बसले. स्वच्छ झालेली बोटं पुन्हा पुसली.

सिद्धेशने डब्यात हात घातला, चिमूट तळहातावर घेतली आणि खो खो हसायला लागला.

"अहो काकी, कण्या कसल्या? ओट्स आहेत हे. आमच्या जिममध्ये पैसेवाली पोरं खातात. तुमच्या बासमतीच्या वर भाव यांचा!"

मम्मी हसली, सुटका झाल्यासारखी. सर्वेशही हसला. सिद्धेशने डब्याचा फोटो काढला.

"ओट्स?" सासूबाईंनी मला विचारलं. फक्त मला.

"हो आई."

मग त्याही हसल्या, तोंडाला पदर लावून. म्हाताऱ्या माणसाला काय कळतंय, म्हणाल्या, आणि झाकण लावायला लागल्या. ते नीट बसेना. दोनदा तिरकं बसलं.

जेवताना मम्मी माझ्या कानाशी झुकली. "आणि तू मला काय सांगत होतीस त्यांच्याबद्दल?" एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी पेज टाकली नाही. स्वयंपाकघर माझ्यासाठी मोकळं सोडून त्या बाहेर वाती वळत बसल्या होत्या. मी दोन वाट्यांचे ओट्स शिजवले आणि त्यांना आत बोलावलं. डॉक्टरांनी काय सांगितलं ते सगळं सांगितलं, पातेल्यात बघत.

"मगे लाडू कित्याक खाल्लंस?"

"सर्वेशला देत होते."

"म्हणान तो फुगलो," त्या म्हणाल्या.

मला हसू यायला हवं होतं. त्यांनी एक चमचा तोंडात घातला, चावला, आणि मीठ मागितलं. मग लिंबाचं लोणचं. माझ्याही वाटीत लोणच्याची फोड टाकली. खारट, आंबट, आणि त्यात तो चिवट दाणा. इतके दिवस चोरून खाल्लेल्या वाट्यांपेक्षा ते चांगलं लागलं.

"कण्यांचीच चव," त्या म्हणाल्या. आणि मग, चावता चावता, "शुभा ल्हान होता तेवा मिलचो संप झालो. रोज कण्याच. खाऊन खाऊन माजा दूध आटला. पोर रात रात रडायचा. तुजाय आटात म्हणान भियालंय मी."

काठोकाठ भरलेला तो ग्लास. ठक्कन.

मी उठून चहा टाकला. त्यांच्या कपात दूध घातलं, नेहमीपेक्षा जास्त. त्यांनी पित्ताचं नाव काढलं नाही, पिऊन टाकला.

"एक आयक," त्या म्हणाल्या. "ह्या कण्यांचा शुभाक सांगू नको हां. हसतला माका."

"नाही सांगत आई."

माझा फोन ओट्यावर होता. ग्रुपवर सिद्धेशने कालच डब्याचा फोटो टाकला होता, खाली लिहिलं होतं, काकींच्या कण्या. शुभाने हसून डोळ्यांत पाणी आलेले चेहरे पाठवले होते, ओळभर. मी तो मजकूर रात्रीच पाहिला होता.

फोन पालथा करून ठेवला आणि त्यांची वाटी पुढे ओढून, अजून घ्या म्हणाले.