बाविसावी गाठ

पाणलोट समितीच्या खोलीबाहेर एक फळा होता. दर सोमवारी त्यावर एकच आकडा लिहायचा: गावविहिरीचं पाणी काठापासून किती गाठी खाली आहे. दोराला दगड बांधायचा, तो पाण्याला टेकेपर्यंत गाठी मोजायच्या. पाणी बाविसाव्या गाठीखाली गेलं की वरच्या उतारावर बोअर मारायला बंदी. हा नियम गवंड्याच्या बायकोच्या दोरावर ठरला होता, कारण वीस वर्षं मोजणी तीच करत होती. उतारावरचे चर तिने उभं राहून खणून घेतले, ओढ्यावरचे बांध गवंड्याने बांधले.

ती गेली आणि मोजणी गवंड्याकडे आली. तिचा दोर त्याला हातात धरवेना. तिच्या तळव्यांनी तो काळा पडला होता. त्याने तो ट्रंकेच्या तळाशी ठेवला आणि नव्या दोराला हाताहातावर गाठी मारल्या. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत एक हात, ती करायची तसंच. या उन्हाळ्यात आकडा एकोणीसवर थांबला. सगळे खूश. तो आकडा बघूनच समितीने वरच्या उतारावरच्या बाटलीबंद पाण्याच्या कारखान्याला बोअरची परवानगी दिली.

गुरुवारी सकाळी वर यंत्र सुरू झालं. त्याची घरघर जमिनीतून पायाला लागत होती. माहेरी आलेल्या लेकीने ट्रंकेतून आईचा दोर काढला आणि कपडे वाळत घालायला अंगणात बांधला.

"बाबा, आईने गाठी किती जवळजवळ मारल्यात हो!"

गवंड्याने चहाचा कप खाली ठेवला. नवा दोर आणून जुन्याशेजारी धरला. गाठीमागे चार बोटांचा फरक होता.

"तिचा हात आखूड होता," तो म्हणाला.

"होताच. फळीवरचा डबा तुम्हालाच काढायला लावायची." लेक हसली.

भिंतीला सूतभर बाक आला तरी पाडायला लावणारा माणूस तो. त्याने ओले कपडे दोरावरून ओढून बाजूला टाकले, जुना दोर सोडून घेतला आणि विहीर गाठली. दगड खाली सोडला. एकोणीस. वीस. एकवीस. बावीस गेली तरी दगड लोंबकळतच होता. तेविसावी गाठ हातात आली, तेव्हा खालून डुबुक असा आवाज आला. त्याने पुन्हा मोजलं. तेवढंच.

समितीचे अध्यक्ष खोलीत वर्तमानपत्र वाचत होते.

"गवंडीकाका, सोमवारी एकोणीस आणि आज तेवीस? चार हात पाणी तुम्हीच प्यायलात की काय?"

"चूक माझी आहे. नियम तिच्या हाताचा, गाठी माझ्या हाताच्या. यंत्र थांबवा."

"सह्या झाल्यात हो. आता थांबवलं तर मी तोंडावर पडेन."

"मला पाडा. पण आधी विहिरीवर चला."

अध्यक्ष कुरकुरत चपला घालून निघाले. काठावर त्यांनी दोर स्वतःच्या हातात घेतला आणि मोठ्याने मोजू लागले. विसापर्यंत आवाज खणखणीत होता. बाविसाला तो बसला. त्यांनी दोर सोडून खिशातून फोन काढला.

घंटी वाजत राहिली. वर कुणी फोन उचलेना. मग एकदम घरघर थांबली. गवंड्याला वाटलं, देव पावला.

तेवढ्यात वरून शिट्ट्या ऐकू आल्या. टाळ्या. कुणीतरी ओरडलं, "पाणी लागलं! भरपूर लागलं!"

"उचलतील," अध्यक्ष म्हणाले. फोन कानालाच होता. "आता उचलतील."

गवंडी काठावर ओणवा झाला. विहिरीचं आतलं बांधकाम त्याचंच होतं, एकेक दगड ओळखीचा. पाण्याच्या वर दगडांवर एक ओली काळी पट्टी दिसत होती, टीचभर. सकाळी ती नव्हती. त्याने डोळे पुसले आणि पुन्हा पाहिलं.

वीतभर झाली होती.