तारेवरचा न दिसणारा लेप

मित्रांनो, मी एक जुना लेप आहे. वय विचाराल तर माणसाच्या अंगात शिरल्यापासून अवघे बारा दिवस. पण माझ्या जातीत बारा दिवस म्हणजे म्हातारपणच! रक्तातल्या साखरेचा अंदाज देणाऱ्या, केसाएवढ्या बारीक तारेवर मी बसलेलो आहे.

धुळीचा कणही नसलेल्या एका खोलीत, तोंडाला पट्टी बांधलेल्या बाईंनी ती तार पातळ द्रावात तीनदा बुडवून वाळवली आणि माझा जन्म झाला. शिकायला आलेल्या सोबतिणीला त्या म्हणाल्या, "हा दिसत नाही म्हणून विसरू नकोस. अंगात परकी वस्तू शिरली की प्रथिनं तिला चिकटायला धावतात. हा पाण्याचा पडदा धरून त्यांना लांब ठेवतो. हा फाटला, की तार आंधळी."

तेव्हापासून फाटण्याची भीती माझ्या मनात बसली, ती कायमची.

मी नऊ वर्षांच्या एका मुलीच्या दंडात गेलो. चणीने लहान, बोलायला तिखट, म्हणून घरात तिला सगळे मिरी म्हणत. तिच्या शरीरात इन्सुलिन तयार होत नसे. यंत्रावर साखरेचा आकडा बघून आई तिला इन्सुलिनची सुई टोचत असे. आत पाऊल टाकताच प्रथिनांची झुंबड उडाली. मी अंग चोरून, पाणी घट्ट धरून उभा राहिलो. बाहेर आई म्हणायची, "किती छान चालतंय हे यंत्र!" माझे नाव कोण घेणार? पण मिरी खेळत होती, एवढे मला पुरे होते.

बाराव्या दिवशी सकाळी मिरी धावत दारातून शिरली आणि तिचा दंड कडीला घासला. तार वाकली. मी मधोमध फाटलो.

"दुखतंय का गं? काढायचं का हे?" आईने विचारले.

"नको! बदलायला अजून दोन दिवस आहेत. आकडे येतायत ना?"

आईने वरून चिकटपट्टी लावली. इकडे माझ्या फटीतून प्रथिने घुसली, त्यांच्यामागून पेशी आल्या. तारेपर्यंत साखर पोहोचेना. दुपारी यंत्राच्या पडद्यावर बासष्ट आले, म्हणजे साखर फार कमी. आईने घाबरून इन्सुलिन दिलेच नाही, उलट साखरेचे पाणी पाजले. मग अठ्ठावन्न. पुन्हा साखरेचे पाणी. खरी साखर तर चढत चालली होती! मी जिवाच्या आकांताने ओरडत होतो, "नका पाजू!" पण लेपाला कुठले तोंड?

"आई, पाणी दे ना. घसा सुकतोय," मिरी सारखी म्हणत होती. मग तिला उलटी झाली. तिचा दंड ढिला पडला.

आजोबांनी उभा जन्म कारखान्यात बॉयलर सांभाळला होता. ते खुर्चीतून उठले.

"साखर कमी झाली की हिला दरदरून घाम फुटतो. आज घाम नाही, नुसती तहान. बोट टोचून बघ."

"बाबा, यंत्र सांगतंय ना!"

"काटा अडकला म्हणून बॉयलर तापायचा थांबत नाही, सूनबाई. बघ आधी!"

रक्ताच्या थेंबाने आकडा सांगितला : चारशे बारा. आईने तपासायची पट्टी तशीच टाकून मिरीला उचलले. पाचव्या मिनिटाला सगळे रिक्षात होते.

दवाखान्यात मिरीला सलाईन लावले, हळूहळू इन्सुलिन दिले. तिने डोळे उघडून "घरी कधी जायचं?" असे फणकाऱ्याने विचारले, तेव्हा आई रडू लागली.

"माझ्याच हातानं पाजलं हो मी."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पाजलंत ते काळजीपोटीच. फक्त बोटाला विचारायचं राहिलं." आणि त्यांनी मला अलगद ओढून काढले.

आता मी दवाखान्याच्या कचऱ्याच्या, झाकणाच्या पिवळ्या डब्यात पडलो आहे. इथून भट्टीत जायचे. भट्टीची मला फारशी भीती वाटत नाही. तशाच दुसऱ्या तारेवर, दुसऱ्या कुणाच्या दंडात, माझा एखादा भाऊ या क्षणी फाटत असेल, ही भीती मात्र जात नाही. मित्रांनो, आम्हांला धक्का लागला तर "आकडे येतायत ना" म्हणून गप्प बसू नका. आणि यंत्र एक सांगत असेल, माणूस दुसरे, तर आधी माणसाचे ऐका. आम्ही फाटतो तेव्हा आवाज होत नाही.