पाचवं पिवळं कार्ड

डिसेंबर लागला की आमच्या तोरेमेल्गा फुटबॉल क्लबात थंडीच्या आधी एबेर तेचेराच्या पाचव्या कार्डाची चर्चा सुरू व्हायची. नियम साधा आहे. पाच पिवळी कार्डं झाली की पुढचा एक सामना बाहेर बसायचं. एबेर नोव्हेंबरपर्यंत चार जमवून ठेवायचा आणि नाताळच्या सुट्टीआधी दोन सामने उरले असताना कुणाच्या तरी घोट्यावर लाथ घालून पाचवं घ्यायचा. शेवटच्या सामन्याला बंदी! म्हणजे बाकीचे अकरा जण स्पेनच्या गारठ्यात दात वाजवत खेळताहेत आणि हा आठवडाभर आधीच उरुग्वेत, त्रेइन्ता-इ-त्रेस गावी, तिथल्या भर उन्हाळ्यात, बापाच्या अंगणात उघड्या अंगाने बसून कोकरू भाजतोय. तिकीट तर तो सप्टेंबरातच काढून ठेवायचा.

यात त्याचं एकट्याचं काही नव्हतं. आमच्या दक्षिण अमेरिकेतून युरोपात आलेले बरेच जण हे करतात. इथल्या पोरांची आई पुढच्या गल्लीत राहते, त्यांना काय कळणार? आमची आई समुद्रापलीकडे. घर म्हणजे जूनमधले तीन आठवडे आणि नाताळचे थोडे दिवस. एबेर एकोणिसाव्या वर्षी निघाला. आधी पोर्तुगाल, मग ग्रीसमध्ये दोन वर्षं नुसता बाकावर, आणि मग आठ वर्षं या क्लबात, दुसऱ्या श्रेणीत. गावी लोक म्हणतात, तेचेराच्या पोराने नशीब काढलं. काढलं खरं. पण पंधरा वर्षांत बापासोबत घालवलेले सगळे दिवस एकत्र केले तर जेमतेम दीड वर्ष भरेल. हा हिशोब त्यानेच मला एकदा सांगितला होता आणि वर हसला होता.

मी रोसेन्दो, क्लबाचा किटवाला. बावीस वर्षं या लोकांच्या जर्सी धुतोय. मीही उरुग्वेचाच, मेलो गावचा. त्यामुळे सरावाआधी एबेर माझ्या खोलीत येऊन बसायचा, मी माते, म्हणजे आमच्याकडचा कडू पानांचा चहा, भोपळ्यात भरायचो, थर्मासातलं गरम पाणी ओतायचो, आणि एकाच नळीने आळीपाळीने ओढत आम्ही गावच्या गप्पा मारायचो. ऑगस्टमधल्या अशाच एका सकाळी त्याने मला सांगितलं की बाप आजारी आहे.

"हृदय मोठं झालंय म्हणे. डॉक्टर म्हणाला, नाताळ बघतील. पुढचं विचारू नका."

त्याचा बाप ओलेगारियो म्हणजे जन्मभर गवंडीकाम केलेला माणूस. एबेरची आई जाऊन तीन वर्षं झाली होती. घरात एकटेच राहायचे, शेजारची नेल्बा जेवणखाण बघायची. जूनमध्ये एबेर गेला होता तेव्हा म्हातारा शिडीवर चढून छपराचा पत्रा ठोकत होता.

"मग जा की! मिस्तरला सांग." प्रशिक्षकाला इथे सगळे मिस्तर म्हणतात.

"नको."

"नको काय? चार दिवस जाऊन ये."

"पुढे बघू," तो म्हणाला.

पुढे काय बघणार? सप्टेंबरात आम्ही लागोपाठ चार सामने हरलो आणि मिस्तर ड्रेसिंग रूममध्ये सगळ्यांसमोर गरजला, "नाताळपर्यंत इथून कुणी हलायचं नाही! लग्न नाही, बारसं नाही, मर्तिक नाही!" एबेरने ते शब्द मनाला लावून घेतले. त्यातून तो कप्तान, वय चौतीस, करार जूनमध्ये संपणार.

"आज मी सुट्टी मागितली ना," तो मला म्हणाला, "तर उद्या वरचे म्हणतील, या म्हाताऱ्या कप्तानाचं मन घरी गेलंय, आता पायही जाऊ द्या. त्यापेक्षा कार्ड बरं. कार्ड मिळालं की कुणाच्या दारात उभं राहायला नको."

"अरे, रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही."

"मी चौतीस वर्षांचा आहे रे रोसेन्दो. दूध सुटलं माझं."

वर त्याने माझ्याकडून वचन घेतलं की कुणाला बोलायचं नाही. आणि मी मूर्खासारखं दिलं. सगळ्या गावाच्या भानगडी पोटात ठेवतो म्हणून माझी ख्याती आहे. तिथे एक वचन पाळलं नाही तर काय आभाळ कोसळणार होतं? पण तेव्हा मला ते मित्राचं कर्तव्य वाटलं.

तर तो शनिवार उजाडला. सुट्टीआधीचे दोनच सामने उरलेले, त्यातला हा पहिला. एबेरची चार कार्डं तयार, रविवार रात्रीचं माद्रिदहून विमान ठरलेलं. रेफरी होता सेरेहो बाल्यादा. रेफरींना आम्ही दोन्ही आडनावांनी ओळखतो. एका आडनावाने शिव्या घातल्या तर त्या भलत्याच घराण्याला लागायच्या.

बाराव्या मिनिटाला एबेरने शिट्टी झाल्यावर चेंडू लांब प्रेक्षकांत भिरकावला. हमखास कार्ड. सेरेहो बाल्यादाने नुसतं बोट हलवलं. तिसाव्या मिनिटाला हा फ्री किकच्या पुढ्यात ठाण मांडून उभा राहिला. रेफरीने त्याला खांद्याला धरून बाजूला केलं, आजोबांना रस्ता ओलांडून द्यावा तसं. उत्तरार्धात याने एकाची जर्सी गळ्यापर्यंत ओढली. फाऊल दिला, कार्ड नाही. आमच्या बाकावर खसखस पिकली.

"रोसेन्दो, तुझ्या गाववाल्याला आज फुकटसुद्धा देत नाहीत!"

"नाताळ आहे, मागायला लाव त्याला!"

साठाव्या मिनिटाला एबेर रेफरीच्या तोंडासमोर जाऊन ओरडला. काय ते आम्हाला ऐकू आलं नाही, पण रेफरी हसत काहीतरी म्हणाला आणि याचा चेहरा पडला. नंतर एबेरने मला सांगितलं. सेरेहो बाल्यादा म्हणाला होता, "तेचेरा, मी काही विमान कंपनी नाही. पुढच्या शनिवारी खेळ, घाम गाळ, आणि मग जा घरी." त्या माणसाला वाटलं आपण फार शहाणपणा केला. त्याला काय माहीत? माहीत होतं ते दोघांनाच, आणि त्यातला एक मी, पाण्याच्या बाटल्या मांडीवर घेऊन गप्प बसलेला. मला उठून ओरडावंसं वाटत होतं की अहो, द्या हो त्याला, त्याचा बाप मरतोय. नाही ओरडलो.

एक-एक अशी बरोबरी होती. चौऱ्याऐंशीव्या मिनिटाला त्यांचा ओर्तुन्यो चेंडू घेऊन आमच्या बाकाच्या समोरून सुटला. एकतीस वर्षांचा विंगर, गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दहा महिन्यांनी परतलेला, त्याचा हा तिसराच सामना. एबेर त्याच्या मागून तिरका धावत आला. मागे आमचे दोघे होते, म्हणजे लाल कार्डाचा प्रश्न नव्हता. मागून पाय घातला की पिवळं, आणि ते कुठल्याही रेफरीला नाकारता आलं नसतं. सगळं मैदान बघत होतं. माझ्या तोंडून नकळत निघालं, "घाल! घाल पाय!"

एबेर घसरत गेला, आणि शेवटच्या क्षणी त्याने पाय पोटाशी ओढून घेतला. नुसता चिखलातून फरफटत रेषेबाहेर आला, माझ्या पायाशी. ओर्तुन्यो पुढे गेला, क्रॉस दिला, गोल. एक-दोन. प्रेक्षक ओरडत होते, "म्हातारा झालास! घरी जा!"

मी आधी चिडलो. नंतर त्याला विचारलं तेव्हा म्हणाला, "तो उजव्या पायावर भार देत नव्हता रे. अजून घाबरतोय बिचारा. जवळून दिसलं मला."

सामना संपल्यावर तो ड्रेसिंग रूममध्ये गेलाच नाही, थेट माझ्या खोलीत येऊन बाकड्यावर बसला. एक बूट काढला आणि दुसरा काढायचं विसरला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. हात चिखलाने भरलेले, म्हणून मीच बटण दाबून फोन त्याच्यासमोर धरला. ओलेगारियोंचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"बघितला सामना. नेल्बाच्या फोनवर. एवढासा फोन, पण तू दिसलास."

"हरलो, बाबा."

"तेही दिसलं. तो गुडघा बांधलेला माणूस, त्याला सोडलंस."

एबेर हातांचा चिखल चड्डीला पुसू लागला.

"पोरा, तू दर नाताळला आठवडाभर आधी कसा येतोस हे मला कळत नाही असं वाटलं होय तुला? मी गवंडी आहे, आंधळा नाही. दर वर्षी कुणाला तरी लाथ घालून यायचास. तुझी आई म्हणायची, बोलू नका त्याला, येतोय ना पोरगा. मग मीही नाही बोललो. मलाही तू हवाच होतास." म्हाताऱ्याला धाप लागली. थोडं थांबून म्हणाला, "आज बरं वाटलं बघ."

"पण बाबा, आता मला येता येणार नाही. पुढच्या शनिवारी खेळावं लागेल. मग येतो."

"का? कोण अडवतंय?"

"इथे सोडत नाहीत."

"विचारलंस का?"

एबेरने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं.

"नाही विचारलंस," म्हातारा म्हणाला. "विचार आधी."

एबेर उठला आणि एका पायात बूट, एका पायात ओला मोजा असा मिस्तरच्या खोलीकडे निघाला. फरशीवर एका बुटाच्या स्टडचा आवाज होत होता. मी मागोमाग गेलो. मिस्तर हरल्याच्या रागात एकटाच भिंतीकडे तोंड करून बसला होता.

"मिस्तर, माझे वडील आजारी आहेत. हृदय. मला घरी जायचंय."

मिस्तर वळला. "कधीपासून?"

"ऑगस्टपासून."

"ऑगस्ट!" तो खुर्चीवरून उठलाच. "चार महिने? आणि तू मला आज सांगतोस?"

"तुम्ही म्हणाला होतात, लग्न नाही, मर्तिक नाही..."

"अरे गाढवा! ते मायोर्काला मित्राच्या लग्नात नाचायला निघालेल्या त्या दोघांसाठी होतं! तुझ्या बापाबद्दल बोललो का मी? मला बाप नव्हता का?" मग त्याने माझ्याकडे बोट केलं. "आणि तू? तुला माहीत होतं?"

"होतं."

"शाबास! एकाला झाका, दुसऱ्याला काढा." तो पुन्हा खाली बसला. आवाज उतरला त्याचा. "जा एबेर. जानेवारीत भेटू. वरच्यांना मी सांगतो. जा म्हटलं ना, उभा काय राहिलास?"

एक मिनिटसुद्धा लागलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तसं आम्ही चार महिने करत होतो. एबेरने तिथूनच, बोळात उभं राहून, घरी फोन लावला. "बाबा, सोडलं त्यांनी. सोमवारी दुपारी पोचतो." पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. पण एबेर हसला, आणि मग भिंतीला डोकं लावून रडला. आठ वर्षांत मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं.

रविवारी मी त्याला माद्रिदच्या विमानतळावर सोडून आलो. सोमवारी पहाटे विमान समुद्रावर असताना ओलेगारियो झोपेतच गेले. मोन्तेविदेओला उतरून फोन चालू केल्यावर एबेरला कळलं. तिथून पुढे चार तासांचा रस्ता त्याने कसा काढला असेल, मला विचार करवत नाही.

क्लबातले काही जण हळहळले की बघा, त्या रेफरीने पिवळं दिलं असतं तर. मी त्यांना झापलं. पिवळं मिळालं असतं तरी तो त्याच रविवारच्या त्याच विमानात बसला असता. तिकीट तेच होतं. सेरेहो बाल्यादाने त्याचा एक तासही घेतला नाही. जे गेलं ते सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर गेलं, आणि ते कुणी त्याच्याकडून हिसकावलं नव्हतं. त्याने मागितलं नाही आणि मी मागायला लावलं नाही.

बुधवारी त्याचा फोन आला. मूठमाती झाली होती, घर आवरत होता. मी मोज्यांच्या जोड्या लावत होतो, ते बाजूला ठेवले. बराच वेळ आम्ही इकडचं तिकडचं बोललो. शेजारपाजारचे कोण कोण आले होते, ऊन किती कडक आहे, असलंच. मग तो म्हणाला:

"नेल्बा सांगत होती, शनिवारी माझा फोन ठेवल्यावर बाबांनी आरसा मागितला. चार महिने दाढी वाढवून पडून होते. बसवत नव्हतं तरी भिंतीला टेकून बसले. दाढी करताना दोनदा कापलं, पण तिला वस्तऱ्याला हात लावू दिला नाही. म्हणाले, पोरगा येतोय."

मी बाजूला ठेवलेला एक मोजा उचलला आणि उगाच उलटा केला.

"दाढी त्यांनी ऑगस्टमध्येही केली असती रे, रोसेन्दो."