पहिला नंबर आणि चहाचा कपडा

२००३ साली भोरच्या विज्ञान प्रदर्शनात नववीतल्या महेजबीनला पहिला नंबर मिळाला. मित्रांनो, तसं काही झालंच नाही असं समजा. मीही तसंच समजतो.

मी तिच्या अब्बांच्या, म्हणजे एसटी स्टँडबाहेरच्या इब्राहीमभाईंच्या टपरीवरचा, चहा गाळायचा जुना कपडा आहे. जन्माने पांढरा. मला साबण कधी लागला नाही. "साबणाचा वास चहात उतरतो," असं इब्राहीमभाई सांगत आणि मला नुसतं पिळून खिळ्याला टांगत. गिऱ्हाइकं म्हणत, चव कपड्यातच मुरलीय. मी कौतुक समजून फुगायचो.

महेजबीनचा प्रयोग चहाच्या अर्कातल्या अँटिऑक्सिडंटचा. हे पदार्थ पेशींची झीज रोखायला मदत करतात म्हणे. विहिरीत टाकतात त्या जांभळ्या औषधात चहाचा अर्क घातला की हे पदार्थ औषधाचा रंग घालवतात. शेजारी तुलनेला साधं पाणी. त्याने रंग जायला नको. पोरगी काटेकोर. दोन्ही सारखंच गाळायला हवं, म्हणून तिने आधी अर्क माझ्यातून गाळला, मग पाणीही माझ्यातूनच. पाणी किंचित पिवळं झालं. हॉलमधला दिवाही पिवळाच होता.

अर्काने रंग घालवला. परीक्षक घाईत होते. त्यांनी तिथंच पहिला नंबर जाहीर केला. म्हणजे पुण्याचं जिल्हा प्रदर्शन पक्कं. मग तिने शेजारच्या जांभळ्या ग्लासात ते पाणी घातलं. त्यानेही रंग गेला.

आंबवड्याहून आलेले टपरीचे जुने गिऱ्हाईक हनुमंतराव खूश झाले. "इब्राहीमभाई, मंग चा कशाला उकळता? पानीच द्या की."

परीक्षक मोठ्या मनाचे. "पाण्यातही गुण असतील. नंबर तुझाच, बाळ."

गप्प राहिली असती तर ती पुण्याला गेली असती. तिने मला स्वच्छ पाण्याच्या ग्लासात बुडवून पिळलं. पाणी तपकिरी झालं.

"सर, ते पाणी ह्यातनंच गाळलंय. गुण पाण्याचा न्हाई, कपड्याचा हाय. नंबर माझा न्हाई."

शंभर माणसांसमोर मी ठिबकत होतो. तोंड लपवावं म्हटलं, तर तोंडच नाही.

"पोरीची चूक न्हाई सर," इब्राहीमभाई खाली बघत म्हणाले. "म्या कदी धुतलाच न्हाई ह्याला."

पहिला नंबर ज्वालामुखीच्या मॉडेलला गेला. तो पेटलाही नव्हता.

मित्रांनो, गाळणाऱ्याला स्वच्छ ठेवा. नाहीतर तो काढतो कमी आणि मिसळतो जास्त.

सबब संबंधित खात्यास नम्र विनंती, की 'स्वतःची चूक स्वतः दाखवणे' हा विषय प्रदर्शनात मागील तारखेपासून सुरू करून कु. महेजबीन हिस प्रथम क्रमांक देण्यात यावा. अर्जदारास सही येत नसल्याने खाली डाग उमटवला आहे.