जागा बघा हं

"बाबा, कुठे आहात तुम्ही?"

"लाइनीत."

"कुठल्या लाइनीत?"

"त्या मोठ्या नावेच्या. तुम्ही या निवांत. मी नंबर धरलाय."

फोनवर मुलगा होता, सुगत. मागून श्रावस्तीचा आवाज येत होता, "आजोबा मिळाले का?" मग सुगत हळूहळू, लहान मुलाला समजवावं तसं म्हणाला, "बाबा, आपल्याला लाइनीत उभं राहायचंच नाहीये. पास घेतलाय ना आपण. हातातला पट्टा बघा."

सुखदेव गजभियेंनी मनगटावरचा नारिंगी पट्टा पाहिला. गुडघ्यासाठी बायकोला, मीराबाईंना, हिंदूराव हॉस्पिटलात भरती केलं होतं, तेव्हा त्यांच्या हाताला असाच पट्टा होता. फाटकावरच्या मुलीने आज तो बांधला तेव्हा गजभियेंना वाटलं, आत आल्याची खूण असेल. त्यांनी मुकाट्याने हात पुढे केला होता.

"मग लाइनीत कोण उभं राहणार?" त्यांनी विचारलं.

"कोणीच नाही."

हे उत्तर गजभियेंना कळलं नाही. दिल्लीत उभा जन्म गेला, पण कोणीच उभं न राहता कोणाचा नंबर लागल्याचं त्यांना आठवत नव्हतं. सरकारी क्वार्टरमध्ये असताना गॅसचा सिलिंडर असो, मुलांच्या शाळेचा अर्ज असो, घरातला एक जण पुढे जाऊन उभा राहायचा आणि बाकीचे आपली कामं आवरून मागाहून यायचे. गजभियांच्या घरातला तो एक जण म्हणजे कायम सुखदेव. आजही तसंच झालं. नोएडाच्या या पार्कात आल्याआल्या चेतना, त्यांची सून, श्रावस्तीचे कपडे बदलायला गेली आणि सुगत फोनमध्ये डोकं खुपसून बसला. रविवार, एप्रिलचं ऊन, नावेपुढे ही गर्दी. गजभिये उठले आणि आपणहून लाइनीला लागले. हे कोणी कोणाला सांगायचं असतं, असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं.

नाव उंच कड्यावर चढायची, क्षणभर थांबायची आणि धाडकन खालच्या पाण्यात यायची. श्रावस्ती नऊ वर्षांची होती आणि तिला या नावेची भीती वाटायची. मागच्या वेळी ती दारातून रडत परत आली होती. यंदा मात्र तिने घरी जाहीर केलं होतं, आजोबा शेजारी बसले तरच बसेन. मम्मी नको, पप्पा नको. पुढच्या रविवारी सुगतची बदली होऊन बिऱ्हाड हैदराबादला निघणार होतं. मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये निम्मं सामान खोक्यांत गेलं होतं. त्यामुळे ही नाव आज व्हायला हवी होती, आणि ती गजभियेंशिवाय होणार नव्हती. एवढं त्यांना अगदी स्वच्छ कळत होतं. बाकीच्याचाच गोंधळ होता.

लाइन लोखंडी कठड्यांमधून नागमोडी जात होती. कठड्याच्या पलीकडे निळ्या चटईची एक वाट होती. ती बहुतेक रिकामीच असायची, आणि मधूनच तिच्यावरून कोणीतरी भराभरा चालत येऊन थेट नावेत बसायचं. ही माणसं कोण, याचा गजभिये मघापासून विचार करत होते. आधी वाटलं, इथले कर्मचारी असतील. मग वाटलं, आजारी असतील; पण एक अख्खं कुटुंब कणसं खात गेलं तेव्हा तो विचार त्यांनी सोडला. शेवटी त्यांनी ठरवलं, कोणातरी मंत्र्याचे नातेवाईक असणार. दिल्लीत पुष्कळशा गोष्टींना हे उत्तर चालून जातं. आता कळत होतं की ते नारिंगी पट्टेवाले आहेत, आणि आपणही त्यांच्यातलेच आहोत.

"चारचा स्लॉट आहे बाबा," सुगत सांगत होता. "तो शेवटचा. पंधरा मिनिटांत निळ्या वाटेच्या तोंडाशी या. स्लॉट गेला की पास गेला."

"येतो," म्हणून गजभियेंनी फोन खिशात टाकला आणि कठड्याला बांधलेली पिवळी ओढणी सोडून पुढच्या खांबाला बांधली, कारण लाइन सरकली होती.

ही ओढणी त्यांची नव्हती. त्यांच्यापुढे गाझियाबादच्या दोघी बहिणी उभ्या होत्या. सकाळच्या बसने निघालेल्या, घरून पराठे बांधून आणलेल्या. धाकटीला उन्हाने गरगरायला लागलं. थोरली म्हणाली, "अंकल, इसको पानी पिलाके लाती हूँ. हमारी जगह देखिएगा." आणि जाताना खूण म्हणून ओढणी कठड्याला बांधून गेली. गजभिये म्हणाले होते, "बिल्कुल. आप आराम से जाइए."

मागे एक जाडसर गृहस्थ बायको आणि दोन मेहुण्यांसह उभे होते. त्यांना ती ओढणी पहिल्यापासून खुपत होती. "चुन्नी का भी टिकट लगता है क्या?" ते एकदा म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणाले, "अब नहीं आएँगी वो. आप आगे बढ़ो अंकल." गजभिये पुढे सरकायचे, पण दोन माणसांची मोकळी जागा सोडून, आणि ओढणी त्या जागेत बांधायचे. आपण निघालो की ही ओढणी क्षणात जमिनीवर येईल, याबद्दल त्यांना शंका नव्हती.

असल्या बाबतीत गजभिये जरा जास्तच हट्टी होते, आणि त्याला कारण होतं. केंद्र सरकारच्या कचेरीत ते डिस्पॅचमध्ये लागले, तेव्हा शेजारच्या टेबलावर माथुर म्हणून एक जण बसायचा. माणूस वाईट नव्हता, डब्यातलं लोणचं द्यायचा. गजभियेंना पहिली बढती मिळाली त्या दिवशी लोणचं देता देताच तो म्हणाला, "तुम लोगों का अच्छा है यार. सीधे आगे आ जाते हो." सगळे हसले. गजभियेही हसले, आणि त्यानंतर कित्येक दिवस त्यांना जेवण गेलं नाही. परीक्षा देऊन ते आले होते, जागा घटनेने दिलेली होती, हे सगळं त्यांना बोलता आलं असतं. ते बोलले नाहीत. त्याऐवजी त्यांनी एक विचित्र पथ्य धरलं. दूध असो, बस असो, बँक असो, कुठल्याही लाइनीत कोणी "आप आगे आ जाइए" म्हटलं तरी पुढे जायचं नाही. मीराबाई वैतागायच्या. म्हणायच्या, "तुम्हाला काय लाइनीत उभं राहायचं मेडल मिळणार आहे?" मेडल मिळालं नाही, पण त्यानंतर तसं वाक्य परत कोणाला म्हणायला मिळालं नाही, आणि गजभियेंना तेवढं पुरत होतं.

पंधरा मिनिटं केव्हाच होऊन गेली असावीत. सुगत स्वतःच शोधत आला आणि निळ्या वाटेवर, कठड्यापलीकडे उभा राहिला.

"बाबा, चला ना. श्रावस्ती तिकडे दारात उभी आहे."

"दोन मुली पाणी प्यायला गेल्यात. त्यांची जागा ठेवलीय मी."

"कोण मुली?"

"मला काय माहीत? लाइनीतल्या."

सुगतने डोळे मिटून घेतले. "बाबा, तुम्ही पास असून इथे उभे आहात. असं करतं का कोणी?"

"अरे, पण हे लोक उन्हात उभे आणि आपण बाजूने..."

"आपण फुकट नाही चाललो. पैसे मोजलेत." सुगतचा आवाज चढला, मग त्याने तो आवरला. "तुम्ही उभे राहिलात, माझे आजोबा उभे राहिले. माझ्या मुलीने कशाला उभं राहायचं? मी कमावतो ते कशासाठी? तिने तरी कोणाच्या मागे राहू नये म्हणूनच ना?"

खरं म्हणजे गजभियेंना ते पटलं. मुलगा चुकीचं बोलतोय असं काही वाटेना, आणि ओढणी सोडून जावं असंही वाटेना. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात कशा राहताहेत, हे त्यांना समजत नव्हतं. ते नुसते म्हणाले, "दोन मिनिटं. येतीलच त्या."

सुगत दाराकडे परत गेला. मुली आल्या, पण दोन मिनिटांत नाही. धाकटीचं तोंड धुऊन, तिला थोडा वेळ सावलीत बसवून दोघी आल्या. थोरलीने ओढणी पाहिली, ती जिथे बांधली होती तिथून किती पुढे आली आहे ते पाहिलं, आणि गजभियेंना हात जोडले. गजभियेंनीही मान हलवली आणि ते कठड्याकडे वळले.

तेवढ्यात सुगत श्रावस्तीला घेऊन परत आला. मागून चेतना. श्रावस्तीचे डोळे लाल होते.

"गेला स्लॉट," चेतना हळू आवाजात म्हणाली. "आम्ही म्हटलं हिला, चल, आपण बसू. ऐकेना. दारातच उभी राहिली, येईल त्याला म्हणत होती, आप जाइए, मेरे आजोबा आ रहे हैं. मग ते पट्टे तपासायचं मशीन लालच दाखवायला लागलं."

"तुम्ही आलाच नाहीत," श्रावस्ती म्हणाली. "मी तुमची जागा ठेवली होती."

परक्या मुलींची जागा राखता राखता आपल्या नातीची गेली, हे गजभियेंच्या आता लक्षात आलं.

"ठीक आहे," सुगत म्हणाला. "तुम्ही आता जवळजवळ पुढे आहात ना? हिला आत घ्या. श्रावू, वाक, खालून जा."

गजभियेंच्या पुढे आता फार माणसं नव्हती. नाव समोर दिसत होती, पुढच्या दोनतीन फेऱ्यांत नंबर लागला असता. आजच्या दिवसाचं सगळं बिनसलेलं एका वाकण्यात नीट होणार होतं. श्रावस्ती कठड्याखालून आत आली आणि तिने त्यांचा हात धरला. तिचा हात गार आणि घामेजलेला होता.

"ये क्या है अंकल?" मागचे गृहस्थ म्हणाले. त्यांचा सूर भांडणाचाही नव्हता, उन्हाने कंटाळलेला होता. "पहले चुन्नी, अब बच्ची. हम लोग खड़े हैं, और आप लोग सीधे आगे आ जाते हो."

त्या माणसाला माथुर माहीत नव्हता. गजभियेंचं आडनावही माहीत नव्हतं. पट्टेवाल्यांना उद्देशून बोलला असेल, नाहीतर नुसतंच बोलला असेल. गजभियेंना हे सगळं कळत होतं आणि तरी त्यांचे कान तापले, पार त्या बढतीच्या दिवशी तापले होते तसे.

थोरली बहीण मागे वळून म्हणाली, "भैया, बच्ची ही तो है. अंकल, आने दीजिए."

"नहीं बेटा," गजभिये म्हणाले. "वो ठीक कह रहे हैं."

ते वाकले. या वयात वाकायला वेळ लागतो. कठड्याखालून बाहेर आले, श्रावस्तीलाही बाहेर घेतलं आणि लाइनीच्या शेवटाकडे चालायला लागले.

"बाबा," सुगत मागून म्हणाला. "आता लाइन बंद होतेय. नाही मिळणार."

"मिळाली तर मिळाली."

"आणि नाही मिळाली तर? हिचं काय?"

गजभिये थांबले. हा प्रश्न त्यांनाही पडला होता. त्यांनी श्रावस्तीकडे पाहिलं. ती रागावली होती हे उघड होतं.

"आपण एकदम समोर होतो, आजोबा," ती म्हणाली. "यार, एकदम समोर."

"हो," गजभिये म्हणाले. "समोर होतो."

ती थोडा वेळ चपलेने फरशी घासत राहिली. मग आपणच पुढे चालायला लागली.

शेवटाला ते उभे राहिले आणि लगेच एका कर्मचाऱ्याने त्यांच्या मागे साखळी लावली. "यहाँ तक ले तो लिया है," तो म्हणाला, "पर गारंटी नहीं है. पाँच बजे बंद हो जाता है." पुढे नागमोडी माणसंच माणसं होती. दूरवर, अगदी तोंडाशी, पिवळी ओढणी नावेत चढताना दिसली. नाव वर गेली, थांबली, आणि धाडकन खाली आली. श्रावस्तीने डोळे घट्ट मिटले, मग एक डोळा उघडला.

"खूप जोरात येते," ती म्हणाली.

"येऊ दे. मी आहे ना शेजारी."

सुगत कठड्यापलीकडे उभा होता. तो आत आला नाही आणि निघूनही गेला नाही. फोन हातात होता, पण तो फोनकडे बघत नव्हता.

लाइन इंचाइंचाने सरकत होती. थोड्या वेळाने श्रावस्ती अस्वस्थ झाली, चेतनाला खुणेने बोलावून तिने काहीतरी सांगितलं आणि चेतनाने तिला बाथरूमकडे न्यायला हात पुढे केला. श्रावस्ती साखळीखालून जाता जाता थांबली. डोक्यावरची निळी टोपी काढून तिने कठड्याच्या खांबावर अडकवली.

"आजोबा, माझी जागा बघा हं."

"बघतो. आरामात जा."

ती गेली. लाइन एका माणसाएवढी पुढे सरकली. गजभियेंनी टोपी काढली, पुढच्या खांबावर नेऊन नीट अडकवली आणि तिच्या मागे एका लहान मुलीपुरती जागा सोडून ते उभे राहिले.

"बाबा," सुगत म्हणाला, "मागे कोणीच नाहीये."

"माहीत आहे मला," गजभिये म्हणाले आणि टोपीवर हात ठेवून लाइन पुढे सरकायची वाट बघत राहिले.