कढई तापली ती कुटावरून

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी कढई आहे. जुन्या वस्तूंनी आपली कहाणी सांगताना डोळे पुसायचे असतात म्हणे. मला ते जमणार नाही. मी चिडलेली आहे आणि चिडूनच सांगणार आहे.

कोडोलीच्या एका लोहारानं मला घडवलं. घणाचे घाव खाऊन मला खोली आली. बयाबाईंनी मला बाजारात वाजवून पाहिलं आणि कोल्हापुरात आपल्या घरी आणलं. मी पडले वशाटाची कढई, मासे-मटणाची. त्यामुळे देवघरापासून लांब, मागच्या दारी खुंटीवर माझी जागा. एरवी कुणी ढुंकून बघायचं नाही, पण पाहुणे जेवायला बसले की "बयाबाईंच्या हातचा मासा!" म्हणून बोटं चाटायचे. कौतुक त्यांच्या हाताचं, चटके मला. तेही मी चालवून घेतलं.

गेल्या मे महिन्यात बयाबाईंची जयसिंगपूरला दिलेली लेक मैथिली कामासाठी दिल्लीला गेली आणि आपल्या लहानग्या सईला आजीकडे ठेवून गेली. जाताना तिनं बजावलं, "आई, सईला नट्स अजिबात चालत न्हाईत. जिवावर बेतंल."

सईला कोळंबी फार आवडते. बयाबाईंची सून संयोगिता तिच्यासाठी काजूचा चुरा लावून कोळंबी तळणार होती. बयाबाईंनी काजू, बदाम, अक्रोड सगळं कपाटात घालून कुलूप लावलं. इथवर शाबास. पुढं त्या म्हणाल्या, "काजू न्हाय तर न्हाय. शेंगदाण्याचा कूट हाय की!"

संयोगिता सासूला आत्या म्हणते. ती चाचरत म्हणाली, "आत्या, शेंगदाणाबी त्यातच येत असंल. वन्संना फोन करून इचारू का?"

"शेंगदाणा म्हंजे काय ड्रायफ्रूट हाय व्हय? एकादशीला चालतोय, संकष्टीला चालतोय, आन् माझ्या नातीलाच चालंना? जल्मभर कूट घालून सैपाक केला, कुणाला काय झालं?"

संयोगितानं शेंगदाण्याचा डबा काढून दिला. एक फोन करायला तिचं काय जात होतं?

बयाबाईंनी कोळंबीच्या पाठीतला काळा दोरा काढला, तिला हळद, मीठ, लिंबू आणि कांदा-लसूण चटणी चोळली. शेंगदाणे जाडसरच कुटले, कारण बारीक कूट तेलात सुटतो आणि करपतो. एकेक कोळंबी अंड्यात बुडवून त्या भरडीत घोळवली, तळव्यानं दाबली आणि मध्यम आचेवर माझ्यात सोडली. घरभर खमंग वास सुटला. हात किती कसबी आणि डोकं किती अडेल!

सईनं कोळंबी हातात घेऊन विचारलं, "आजी, ह्यात नट्स नाहीत ना?"

"न्हाईत गं बाई. खा बिनघोर."

एवढीशी पोर. जे विचारायचं ते तिनं विचारलं होतं. दुसऱ्या घासाला तिचे ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या आणि तिला श्वास घेता येईना. बयाबाईंचा मुलगा उदयसिंह तिला उचलून गाडीकडे धावला. त्याच्यामागून सगळे दवाखान्यात गेले.

सई वाचली. पण डॉक्टरांनी विचारलं तेव्हा बयाबाई ठासून सांगून आल्या होत्या, "कोळंबी खाल्ली निस्ती. नट्स कुलपात हाईत." कूट हा सांगायचा पदार्थ आहे हे त्यांच्या गावीच नव्हतं. मग दोष कुणाचा? माझा! "ह्या गंजक्या कढईनंच घात केला," म्हणत त्यांनी मला अंगणातल्या भंगारात भिरकावलं. माझ्या अंगावर गंजाचा ठिपका नव्हता, मित्रांनो.

दुसऱ्या दिवशी सई घरी आली. बयाबाईंनी प्रेमानं तिच्यापुढं हात केला. हातात शेंगदाण्याचा लाडू होता. "घे माझ्या राणी, ताकद येईल."

संयोगितानं तो लाडू हातातून हिसकावला. "आत्या, बास! ह्या शेंगदाण्यानंच काल पोरगी जात होती!" आणि तिनं सगळ्यांसमोर मैथिलीला फोन लावला.

फोनमधून मैथिलीचा आवाज अंगणापर्यंत आला. "शेंगदाणा? आई, त्योच तर तिला सगळ्यात वाईट!"

मग बाई, जाताना सरळ 'शेंगदाणा' म्हणायला तुला काय झालं होतं? आईपुढं कशाला हवे होते ते 'नट्स'?

बयाबाई खालीच बसल्या. पुष्कळ रडल्या. संध्याकाळी त्यांनी मला भंगारातून काढून राखेनं लख्ख घासलं आणि म्हणाल्या, "आता हिच्यातच सईला साधी कोळंबी तळून देतो."

नको! वर्षानुवर्षांचं तेल माझ्या अंगात मुरलंय आणि त्यात शेंगदाणाही मुरलाय. घासून तो जायचा नाही. सगळ्या जुन्या वस्तू तुम्हाला विनवतात की आम्हाला वापरा. मी विनवते, त्या पोरीसाठी मला वापरू नका. तिला दुसरी कढई आणा. आणि कुणी "मला हे चालत नाही" म्हणालं, तर त्याला आपलं शहाणपण शिकवू नका.

बयाबाईंना माझं ऐकू गेलं नाही, पण संयोगितानं मला त्यांच्या हातातून काढून घेतलं. सईसाठी नवी कढई आली. बयाबाई आता सगळं विचारून करतात, अगदी मीठसुद्धा. ताट वाढून त्या सईपुढं बसतात. सई घास उचलते आणि आजीकडे न बघता मामीला विचारते, "खाऊ?"